सोबतही ड्युटीतच धरा

वृद्धांच्या केंद्रासाठी कुणी देणगी मागायला आलं की आपल्याकडचे लोक हात आखडता घेत नाहीत. कुणी एअर बेड देतं, कुणी ऑक्सिजनचं मशीन, कुणी आईच्या स्मरणार्थ एका दिवसाचं जेवण. पण त्या एअर बेडवर झोपलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी कोण बदलतं आणि ती मुलगी इथे किती महिने टिकणार आहे, हे देणगीदार विचारत नाही आणि बहुतेक ठिकाणी विश्वस्तही विचारत नाहीत. मला त्याच मुलीबद्दल लिहायचं आहे. नव्याने लागलेली नर्स वृद्धांच्या सेवेतून लवकर निघून जाते, त्याचं एक मोठं कारण म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत ती अगदी एकटी पडते. तिला तिच्याच कामातली, तिच्यापेक्षा दोन-चार वर्षं पुढे असलेली एक सोबतीण मिळाली पाहिजे. त्या सोबतीणीचा वेळ ड्युटीच्या तक्त्यात आणि पगारातही धरला गेला पाहिजे. तक्त्याबाहेरची, उपकाराची सोबत फार दिवस चालत नाही.

माझी सरकारी नोकरी खान्देशातच झाली. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले, परिसेविका म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले, आणि आता ज्येष्ठांच्या दोन-तीन केंद्रांत जाऊन तिथल्या सिस्टर मुलींसोबत बसते. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं 10 कोटींच्या वर होती, म्हणजे शंभरात साधारण साडेआठ. 2050 पर्यंत पाचातला एक माणूस साठीपुढचा असेल असा अंदाज आहे. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात ते चित्र आजच दिसतं. घर मोठं, अंगणात ट्रॅक्टर, मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, आणि ओसरीवर म्हातारा-म्हातारी दोघंच. धुळे-नंदुरबारकडच्या घरांतली मुलं सुरतेला गेलेली. दोघांपैकी एकाला पक्षाघात झाला की दुसऱ्याचे हातपाय गळतात. मग कुठे चांगलं केंद्र आहे का, घरी राहणारी कुणी बाई मिळेल का, अशी शोधाशोध सुरू होते.

त्या केंद्रात त्यांना भेटते ती एकवीस-बावीस वर्षांची मुलगी. नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, जीएनएम, नुकताच पूर्ण झालेला, नोंदणी झालेली, आणि घरी धाकट्या भावंडांची शिक्षणं बाकी. अभ्यासक्रमात तिने वृद्धशुश्रूषा वाचलेली असते, पण मेडिकल-सर्जिकलच्या मोठ्या विषयातलं एक प्रकरण म्हणून. तिची प्रॅक्टिकल्स झालेली असतात ती रुग्णालयाच्या वॉर्डात. तिथे काही अडलं तर इन्चार्ज सिस्टर आहेत, शिकाऊ डॉक्टर आहेत, शेजारच्या वॉर्डात वर्गातलीच मैत्रीण आहे. हाक मारली की माणूस येतं.

वृद्धांच्या केंद्रात तसं नसतं. मी पाहिलेल्या ठिकाणी डॉक्टर आठवड्यातून ठरल्या दिवशी येतात, एरवी फोनवर असतात. रात्री एक सिस्टर, अंघोळ-भरवण्याची कामं करणाऱ्या दोन मावश्या, आणि वीस-तीस म्हातारी माणसं. त्यातल्या निम्म्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. कुणाला नाकातून पोटात जाणारी भरवायची नळी, म्हणजे रायल्स ट्यूब, कुणाला लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, कुणाला दिवसाच्या दहा-बारा गोळ्या. आणि इथला रुग्ण बरा होऊन घरी जात नाही. रुग्णालयात नर्सला जो आनंद हमखास मिळतो, टाके काढले, डिस्चार्ज झाला, जाताना नातेवाईक पेढे देऊन गेले, तो इथे नाही. इथे चांगलं काम म्हणजे आज कुणाला जखम झाली नाही, कुणी पडलं नाही, आजी चार घास जास्त जेवली. हे यश आहे हे कुणीतरी डोळ्यांसमोर दाखवून द्यावं लागतं, नाहीतर महिनाभरात मुलगी म्हणू लागते, ‘मॅडम, मी इथे काहीच करत नाहीये.’

सोबतीणीने नेमकं काय शिकवायचं, असं विश्वस्त विचारतात. शिकूनच आली आहे ना ती? त्यासाठी जरा जवळून दाखवते.

मे महिना. जळगाव-भुसावळकडचा मे म्हणजे पारा 45 च्या आसपास, कूलरसुद्धा गरम वारा फेकतो. रात्रीची ड्युटी संपवून नवी मुलगी ओव्हर देते, म्हणजे पुढच्या सिस्टरला रुग्णांची खबर देऊन काम सोपवते: ‘सात नंबरचे बाबा शांत आहेत, झोपून आहेत, काही तक्रार नाही.’ फाईलमध्येही तेच. बीपी ठीक, ताप नाही. तिचं काहीही चुकलेलं नाही, तिने पाहिलं तेच लिहिलं. सकाळी आलेली सिस्टर तिथे तीन वर्षं आहे. ती फाईल मिटते आणि विचारते, ‘बाबांनी पहाटे चहा मागितला का गं?’ नाही. हे बाबा रोज पहाटे चहासाठी सगळा हॉल उठवतात. ती जाऊन त्यांची जीभ बघते, कोरडी ठक्क. लघवीच्या पिशवीत थोडीशीच, गडद. हाक मारली तर डोळे उघडतात आणि पुन्हा मिटतात. ती लगेच डॉक्टरांना फोन लावते.

म्हाताऱ्या शरीराला तहान कमी लागते, संसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही, आणि भ्रम झालेला म्हातारा दर वेळी बडबडत नाही, कधीकधी एकदम गप्प होतो. हे पुस्तकात आहे. नव्या मुलीने ते वाचलेलंही असेल, परीक्षेत लिहिलंही असेल. पण ‘शांत आहेत’ हे सात नंबरच्या बाबतीत धोक्याचं लक्षण आहे, हे कुठल्याही पुस्तकात नाही. ते त्या सिस्टरच्या डोक्यात आहे, कारण तिने त्या माणसाच्या तीन वर्षांतल्या सकाळी पाहिल्या आहेत. ती उद्या निघून गेली तर ती माहिती तिच्यासोबत जाईल. संस्थेची खरी शिल्लक ही आहे, आणि ती पुढच्या मुलीच्या हाती कशी जाईल याची आज कुठलीच सोय नाही.

दुसरं उदाहरण बेडसोअरचं, एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचं. पहिली खूण म्हणजे त्वचा लाल होते आणि दाबून सोडली तरी लाली जात नाही, असं शिकवतात. ज्यांनी उभा जन्म कपाशीच्या शेतात उन्हात काढला त्यांच्या त्वचेवर ही लाली दिसतच नाही. तिथे डोळ्यांपेक्षा हाताचा उपयोग जास्त. माकडहाडाजवळ, टाचेला, खुब्याला हाताची मागची बाजू लावून बघायची: आजूबाजूपेक्षा गरम आहे का, कडक लागतं का, की पिठाच्या गोळ्यासारखं मऊ झालंय. मी मुलींचा हात धरून तिथे ठेवते. एकदा हाताला ते कळलं की विसरत नाही. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवून हे कधीच कळणार नाही. आणि सोबतीण नसेल तर मुलीला ते कळतं जखम उघडी पडल्यावर, घरचे ओरडल्यावर आणि इन्चार्जने सगळ्यांसमोर फैलावर घेतल्यावर.

भाषेचंही असंच आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आलेल्या पावरा, भिल्ल मुली आता नर्सिंग करून जळगाव-धुळ्यात नोकरीला येतात. फार मेहनती मुली. त्यांची घरची भाषा वेगळी, शाळेची मराठी वेगळी, आणि समोरची आजी बोलते अहिराणी. स्मृतिभ्रंश वाढत गेला की माणूस नंतर शिकलेली भाषा आधी विसरतं आणि आईच्या बोलीकडे परत जातं. आयुष्यभर शाळेत मास्तर असलेले गृहस्थसुद्धा शेवटी ‘माले पानी जोयजे’ एवढंच बोलतात. आजी म्हणते, ‘जीव कासावीस होई ऱ्हायना,’ आणि नवी मुलगी फाईलवर लिहिते, ‘अस्वस्थ.’ छातीत दाटतंय, की पोटात गॅस आहे, की नुसती घरची आठवण येते आहे? हे विचारायचं कसं, ते तिथे रुळलेली मुलगी दोन मिनिटांत सांगू शकते. शिवाय आडनाव आणि गाव ऐकून जेव्हा एखादी म्हातारी म्हणते ‘हिच्या हातचं पाणी नको,’ तेव्हा त्या मुलीच्या बाजूला कुणीतरी उभं राहायला हवं. हे घडतं. मी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या क्षणी मुलगी एकटी असली तर ती मान खाली घालते, आणि पुढच्या पगारानंतर येत नाही.

पहिल्या मृत्यूबद्दल तर आपण बोलतच नाही. ज्या आजीला महिनाभर रोज वेणी घालून दिली, ती रात्री तीन वाजता जाते. नव्या मुलीला डॉक्टरांना फोन करायचा असतो, नातेवाइकांना कळवायचं असतं, नळ्या काढून शरीर नीट आवरायचं असतं, शेजारच्या खाटेवरच्या जाग्या झालेल्या बाईला समजावायचं असतं. सकाळी आठला ओव्हर देऊन ती खोलीवर जाते आणि रात्री पुन्हा नाईटला येते. ‘कशी आहेस?’ असं तिला कुणी विचारत नाही. विचारण्याचं काम कुणाच्याच नावावर नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक मार्लिन क्रेमर यांनी 1974 मध्येच दाखवलं होतं की शाळेत शिकलेली नर्सिंग आणि वॉर्डातली नर्सिंग यांच्यातली तफावत नव्या मुलीला धक्का देते, आणि त्या धक्क्यात बऱ्याच जणी पेशाच सोडतात. तिथल्या नर्सिंग होम्सचा 2017-18 चा अभ्यास सांगतो की शुश्रूषा कर्मचाऱ्यांच्या गळतीचं सरासरी प्रमाण वर्षाला शंभर टक्क्यांच्याही वर, साधारण 128 टक्के होतं. म्हणजे काही जागांवर वर्षात एकापेक्षा जास्त वेळा माणूस बदललं. पैसा, यंत्रं, नियम सगळं असलेल्या देशाची ही गत आहे. तेव्हा ‘आजकालच्या मुलींना काम नको’ हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर मला मान्य नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तसं वाटत असेल. मी ज्या मुलींसोबत बसते त्यांना काम हवं आहे. त्यांना एकटीने चूक करायची भीती वाटते, आणि ती भीती रास्त आहे.

आता कुणी म्हणेल, सोबत तर आम्ही देतोच. देता, पण कशी ते सांगते. पहिल्या दिवशी इन्चार्ज जुन्या सिस्टरला म्हणतात, ‘हिला जरा सांभाळून घे.’ त्या सिस्टरकडे स्वतःची पंधरा माणसं आहेत, त्यांच्या गोळ्या, ड्रेसिंग, नातेवाइकांचे फोन आहेत. नवीला शिकवायला ती थांबली तर तिचं काम मागे पडतं आणि बोलणी तिलाच बसतात. चार दिवस ती मनापासून करते. पाचव्या दिवसापासून नवी मुलगी तिच्या हाताखालची बिनपगारी मदतनीस होते, शुगर तपास, बीपी लिही, डायपर आण. शिकवणं संपतं. यात त्या जुन्या सिस्टरचा दोष मी धरणार नाही. दोन माणसांचं काम एका माणसाच्या वेळेत बसवलं की त्यातलं जे मोजलं जात नाही तेच आधी गळतं.

म्हणून माझा सगळा भर तक्त्यावर आहे. नवी मुलगी रुजू झाल्यावर पहिले दोन आठवडे तिला संख्येत धरू नये. ती जादा आहे, तिच्या भरवशावर कुणाची सुट्टी मंजूर करू नये. त्या दोन आठवड्यांत तिची आणि सोबतीणीची ड्युटी एकच असावी, सोबतीणीकडची माणसं थोडी कमी करावीत. पहिला महिना तिला एकटीने नाईट देऊ नये. त्यानंतर तिसरा महिना संपेपर्यंत आठवड्यातून एक तास दोघींनी बसावं, हॉलपासून लांब, चहा घेऊन, आणि हा तास ड्युटीच्या वेळेतलाच असावा. त्या तासात काय बोलायचं याची मोठी चोपडी नको. या आठवड्यात कशाची भीती वाटली, कुठल्या माणसाबद्दल काही कळलं नाही, कुणाशी खटका उडाला, एवढं पुरे. सोबतीणीला त्या तीन महिन्यांचा भत्ता मिळावा. प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल नको. 12 मे ला परिचारिका दिनी मेणबत्त्या लावून आपण पुष्कळ फुलं वाटतो, आणि 13 मे ला तीच मुलगी सलग दुसरी नाईट करत असते.

सोबतीण कोण असावी, याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बहुतेक ठिकाणी सगळ्यात जुन्या, वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या सिस्टरकडे बोट दाखवतात. मी दोन ते चार वर्षं झालेली निवडीन. अमेरिकेतल्याच परिचारिका-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नर्सच्या नवखेपणापासून निष्णातपणापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांच्या मांडणीत निष्णात नर्स नियम मोजत बसत नाही, तिला एकदम समजतं. हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच तिला ते फोड करून सांगता येत नाही. ‘बघितलं की कळतं’ असं ती म्हणते. दोन वर्षांपूर्वी जिला कळत नव्हतं, तिला अजून आठवतं की काय कळत नव्हतं. जुन्या सिस्टरांचा मान मी कमी करत नाही. त्यांनी सोबतीणींच्या पाठीशी उभं राहावं, अडलं तर त्यांना विचारता यावं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत होऊ देऊ नये: इन्चार्जनेच सोबतीण होणं. जी तुमचा गोपनीय अहवाल लिहिते, सुट्टी मंजूर करते, पगारवाढीची शिफारस करते, तिच्यापुढे ‘मला इन्सुलिनच्या युनिटांचा अजून गोंधळ होतो’ असं कुठली मुलगी बोलेल? आणि हेच बोललं गेलं पाहिजे, कारण न बोललेल्या गोंधळाची किंमत म्हातारं माणूस मोजतं. सोबतीणीने ऐकलेलं वर पोचवू नये. अपवाद एकच, रुग्णाच्या जिवाला धोका असेल तर. हा अपवाद दोघींना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावा. जोडी जमली नाही तर कारण न विचारता बदलून द्यावी. कुणा सिस्टरला हे काम नको असेल तर तिला नाही म्हणता यावं, बळजबरीची सोबतीण नवीला जास्त एकटी पाडते.

यात मावशींचं स्थान कुठे? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याला कुणी हात घालत नाही. दहा-दहा वर्षं त्याच हॉलमध्ये काम करणाऱ्या मावशीला प्रत्येक माणसाची खोड माहीत असते. कोण उजव्या कुशीवर झोपत नाही, कुणाला घास घशात अडकायची सवय आहे, कोण गोळी गालात धरून नंतर उशीखाली टाकतं. नवी मुलगी शिकलेली, मावशी सातवी नापास. एक ‘सिस्टर’, दुसरी ‘ए मावशी’. पहिल्याच आठवड्यात दोघींचं बिनसलं की नवीची सगळी माहिती बंद होते. चांगली सोबतीण पहिल्या दिवशी नव्या मुलीला मावशींकडे घेऊन जाते आणि मावशींसमोरच सांगते, ‘यांना विचारत जा, यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.’ या एका वाक्याने जे काम होतं ते महिनाभराच्या प्रशिक्षणाने होत नाही.

आक्षेप येणार, ते मला पाठ आहेत. पहिला पैशाचा. नुसता हिशेब मांडून बघू. समजा केंद्रात वर्षाला चार नव्या नर्स येतात आणि पगार महिना ₹20,000 आहे. दोन आठवडे संख्येत न धरल्याचा खर्च प्रत्येकीमागे ₹10,000. सोबतीणीचा भत्ता महिना ₹2,000, तीन महिन्यांचे ₹6,000. एका मुलीमागे ₹16,000, चौघींमागे वर्षाला ₹64,000. सोबतीणीकडची माणसं कमी केल्याने इतरांवर थोडा भार पडेल, तोही खर्च धरा. तरीही एका वर्षात नुसत्या वाढदिवसाच्या देणग्यांतून जमेल अशी ही रक्कम आहे. आणि दोघी जरी टिकल्या तरी पुढच्या वर्षी नव्या चार आणाव्या लागणार नाहीत.

दुसरा आक्षेप, ‘आम्ही शिकवायचं आणि तिने नाशिक-सुरतला पळायचं.’ पळतील काही जणी. चांगल्या पगारासाठी आपली मुलं गावं सोडतात तेव्हा आपण अभिमानाने सांगतो, नर्सनेच तेवढं बांधून राहावं असं म्हणता येणार नाही. पण न शिकवता ठेवलेली मुलगी आज तिसऱ्या महिन्यात जाते आहे. शिकवलेली दोन वर्षांनी गेली तर त्या दोन वर्षांत आपल्या म्हाताऱ्यांना समजदार हात मिळाले, आणि तिनेही मागे एक-दोघींना तयार केलं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. जुन्या सिस्टरकडून नवी वाईट सवयीही शिकते. न देता गोळीपुढे खूण करणं, पोझिशन न बदलता चार्ट भरणं, बडबड करणाऱ्या आजीचे हात खाटेला बांधणं, आणि वर ‘इथे असंच चालतं.’ मी हे सगळं पाहिलेलं आहे. म्हणून सोबतीण होण्याआधी तिला दोन दिवस तरी कुणीतरी नीट शिकवलं पाहिजे: भरवताना माणसाला किती उठवून बसवायचं, जेवणानंतर किती वेळ बसतं ठेवायचं, ट्यूब जागेवर आहे हे भरवण्याआधी कसं तपासायचं, कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या खालीच का हवी, आणि शिकवताना समोरच्याला न लाजवता चूक कशी दाखवायची. वाईट सवयी सोबतीणीमुळे जन्मत नाहीत, त्या आजही पसरतात. निवडलेली, शिकवलेली, नाव असलेली सोबतीण असली तर निदान कुणाला जाब विचारायचा ते कळतं.

पगाराचा मुद्दा मात्र कुणी या योजनेआड लपवू नये. खासगी क्षेत्रातल्या परिचारिकांच्या पगाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान ₹20,000 द्यावेत अशी शिफारस केली. वृद्धांची अनेक केंद्रं तर रुग्णालयात मोडतच नाहीत, त्यामुळे तिथे ही शिफारसही कुणी बघत नाही. मी ओळखते त्या मुलींपैकी कितीतरी जणी याहून फार कमीवर काम करतात. सोबतीण मिळाली म्हणून तुटपुंजा पगार पुरेसा होत नाही. दोन्ही लागतं. एक देऊन दुसरं टाळणाऱ्या संस्थेला मी साथ देणार नाही.

सरकारचं काय? आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे. त्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 गरजू ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम आणि वैद्यकीय सेवेसह तिथल्या दर्जाचे निकष ठरवण्याची मुभा राज्याला दिलेली आहे. त्या निकषांत खाटा, संडास, स्वयंपाकघर यांच्यासोबत ‘नव्या परिचारिकेला पहिले तीन महिने नेमलेली सोबत’ एवढी एक ओळ घालायला नवा कायदा लागत नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून आहे, आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा ज्येष्ठांचा वॉर्ड ही त्यातलीच तरतूद. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सोबतीणींचं ते दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायला याहून चांगली जागा कुठली? नर्सिंग शिकवणाऱ्या अनुभवी पाठ्यनिर्देशिका तिथे आहेत, वॉर्ड तिथे आहे. आणि माझ्यासारख्या निवृत्त परिसेविका प्रत्येक तालुक्याला सापडतील. बोलावलं तर त्या येतील, याची मला खात्री आहे.

छोट्या केंद्रांची अडचण खरी आहे. जिथे एकूण दोनच सिस्टर, तिथे सोबतीण आणायची कुठून? तिथे केंद्रांनी आपापसात हात धरावा. जळगाव-भुसावळ काही लांब नाही, चोपडा-यावल शेजारी आहेत, शिरपूर-शहादाही तसेच. चार केंद्रांनी मिळून दोन सोबतीणी ठरवल्या, आठवड्यातला एक दिवस त्यांनी नव्या मुलीकडे जायचं, उरलेले दिवस फोन, आणि एसटीचं भाडं चौघांनी वाटून घ्यायचं, तर ते जमण्यासारखं आहे. विश्वस्तांमधली जुनी स्पर्धा आड येईल हे मला माहीत आहे. ती त्यांनी बाजूला ठेवावी.

माझ्याकडे पुरतं उत्तर नाही ते घरी जाऊन काम करणाऱ्या मुलींसाठी. घरोघरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत एका घरी चोवीस तास राहणारी नर्स, समोर एकच पक्षाघाताचा रुग्ण, आणि बोलायला त्या घरातलीच माणसं. तिला ना ओव्हर घ्यायला कुणी आहे, ना द्यायला. पगारातला वाटा ब्युरो घेतो, पण रात्री ट्यूब निघाली तर विचारायचं कुणाला, याची जबाबदारी तो घेत नाही. निदान एवढं तरी व्हावं की ज्या ब्युरोकडे पाचापेक्षा जास्त मुली आहेत, त्याने त्यांच्यातलीच एक अनुभवी मुलगी पगारी सोबतीण नेमावी, तिचा नंबर प्रत्येक घरी भिंतीवर लावावा, आणि महिन्यातून एक दिवस सगळ्यांना भरपगारी एकत्र बोलवावं. घरच्यांनीही ब्युरोशी बोलताना दर ठरवायच्या आधी हा नंबर मागून घ्यावा. नंबर नसेल तर दुसरा ब्युरो बघावा.